बाटल्यांतलं निळं आलं

माझ्या मावशीला सगळे बाटलीबाई म्हणतात. वीस वर्षं ती प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांतून रोपं वाढवते. कंदाचा डोळा धुऊन जेलीसारख्या अन्नावर ठेवायचा आणि फुटला की तुकडे करून पुढच्या बाटल्यांत. घरी पावाला आलेली बुरशी ती नुसती खरवडते, तिथे मात्र शिंकसुद्धा गिळते, असं काकांचं म्हणणं.

निळ्या गाभ्याचं ते औषधी आलं रानातून संपलं होतं. तिच्या हाती आला तो शेवटचा कंद, तोही एका बाजूने सडका. तिचे साहेब नाकातून बोलतात आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'तसं पाहिलं तर'ने सुरू होतं. तसं पाहिलं तर एक डोळा मातीत ठेवायला हवा होता, हे त्यांना नंतर सुचलं. मातीत सडेल या भीतीने मावशीने पाचही डोळे बाटल्यांत घातले. चार काळे पडले. पाचव्याने असा जोर धरला की सात महिन्यांत एकशे चाळीस बाटल्या भरल्या. जेवताना ती कोंबांची उंची सांगायची, तेव्हा काका विचारायचे, पोरं शाळेत कधी घालायची?

आठव्या महिन्यात एका बाटलीच्या तळाशी दुधासारखा धूसर पट्टा दिसला. मग शेजारच्या. मग सगळ्याच. जंतू पहिल्यापासून त्या डोळ्याच्या आतच दबा धरून होते. चाकू दर वेळी जाळून घेत, नेमाने, तिनेच ते बाटलीबाटलीत वाढवले होते.

औषध घातलं, तर जंतूंआधी कोंबच पिवळे पडले. मग अगदी टोकाच्या शेंड्यात जंतू सहसा पोचत नाहीत म्हणून भिंगाखाली तिने टाचणीच्या टोकाएवढे तीस शेंडे कापले. मान आखडली. काकांनी शेक दिला, आणि एकही विनोद केला नाही. सत्तावीस वाळले. उरलेले तीन अकराव्या दिवशी धुरकटले.

"तसं पाहिलं तर, बाई, बाकीच्या रोपांना धोका नको. आजच शिजवून टाका सगळं."

"एक बाटली ठेवू? नुसती बघायला?"

"बघून काय करणार?"

दाबाच्या भांड्यात तिने स्वतःच बाटल्या रचल्या. तासाभराने झाकण उघडलं तशी खोलीभर वाफ पसरली. बाटल्या धुणारी बाई दारातून डोकावली.

"अगं, वास काय छान सुटलाय! कशाचा गं?"

"आल्याचा," मावशी म्हणाली आणि पहिली बाटली तिच्या हातात दिली.