पडद्याच्या गाडीतून पाहिलेले करकोचे

२२ डिसेंबर १९१२, रविवार, जुन्नर. सकाळी धुकं, मग कोरडं ऊन. कमरजहाँबीला घेऊन मीना नदीच्या पाणथळावर गेलो. बरोबर तिचे यजमान राजमहंमद आणि आमचे हे. गाडी कुशाबाची. करकोचे होते.

रोजनिशीत त्या सहलीबद्दल एवढंच आहे. बाकीचं आता लिहिते, कारण कमरजहाँबी जाऊन दोन वर्षं झाली आणि तो दिवस पाहिलेलं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

ती माझी शेजारीण. आमचे हे तेव्हा दवाखान्यात डॉक्टर होते आणि परसातल्या भिंतीपलीकडे राजमहंमदांचं घर होतं. त्यांच्याकडे हातकागद होई. ओले कागद चुन्याच्या भिंतीवर डकवून वाळवत. कमरजहाँबी मंचरहून लग्न होऊन आली ती त्या परसात आली. माहेरी जाण्यापलीकडे तिचं बाहेर पडणं नव्हतं, आणि तेही पडद्याच्या गाडीतून.

हिवाळ्यात ती ओसरीवर बांबूच्या काड्यांची चिक सोडून निवडणं-टिपणं करत बसे आणि तिच्या फटींतून पाखरं बघे. थिरथिऱ्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवी. धोबी पक्षी हौदाच्या काठाने तुरुतुरु पळे. तुरेवाला हुदहुद लिंबाखाली माती उकरी. त्याला तर कोणी हुसकायचंही नाही, कारण तो हजरत सुलेमानांचा निरोप्या. सासू अंगणात आली की सगळी पाखरं भुर्रकन उडत. "अम्मांना पाखरंबी वळखतात," असं ती मला हळूच म्हणे.

पण तिचा जीव करकोच्यांवर होता. संध्याकाळी त्यांच्या रांगा ओरडत गावावरून जात. ती हातातलं काम टाकून अंगणात येई आणि मान दुखेपर्यंत वर बघे. एवढे लांब पाय जमिनीवर टेकल्यावर ती पाखरं कशी दिसत असतील, हे तिला एकदा बघायचं होतं. दर हिवाळ्यात ती नवऱ्याकडे विषय काढी. राजमहंमद कडक नव्हते. मोहल्ल्यातल्या तोंडांना मात्र भीत. त्या वर्षी ती इतकी मागे लागली की त्यांनी आमच्या समोरच करार केला. एकदा नेतो म्हणाले. उभा करकोचा दिसला तर दर हिवाळ्याला नेईन. नाही दिसला तर जन्मात पुन्हा नाव काढायचं नाही. तिने लगेच कबूल केलं. मलाच धास्ती वाटली. करकोचा माणसाला जवळ येऊ देत नाही, हे गावात कोणालाही विचारलं तरी सांगतील.

त्या रविवारी पुरुष मंडळी पांढरेस्वच्छ कपडे घालून पुढे चालली, आम्ही दोघी मागे पडद्याच्या गाडीत. आधी आपण बघू, मग गाडी बोलावू, असा त्यांचा बेत. हरभऱ्याच्या रानात थवा होता, तो लांबूनच उठला. मग नदीच्या वाळूत दिसला, तिथूनही उठला. राजमहंमद गाडीशी आले आणि दिसले का म्हणून विचारलं.

"पोटं दिसली," ती आतून म्हणाली. "ती घरूनबी दिसतात."

मग झालं तर, असं म्हणून ते हसले. जिंकलेल्या माणसाचं ते हसू होतं. भाकरी खाऊन परत फिरू, असं ठरवून दोघं बाभळीखाली बसले. कुशाबा बैलांना पाणी दाखवायला गाडी खाली घेऊन गेला.

वळणापलीकडच्या चिखलात तोच थवा उतरला होता. मी पटकन पडदा उचलू लागले, तशी तिने माझं मनगट धरलं.

"पडदा सोडा, बाई. चिक खाली असली की थिरथिऱ्या उडत न्हाई. उचलली की उडतो."

तिने कुशाबाला आतूनच सांगितलं की उतरू नको, बोलू नको, बैलांना त्यांच्या चालीने जाऊ दे. बैल तर त्या पाखरांच्या रोजच्या बघण्यातले. त्यांच्या लेखी गाडीत माणूसच नव्हतं. दोन बैल होते आणि मागे कापडाची पेटी. बैल पाण्यात शिरून प्यायला लागले आणि करकोचे चरत चरत आमच्याकडेच सरकले.

पडद्याच्या जोडाला डोळा लावून आम्ही बघत होतो. करडं अंग, काळा गळा, छातीवर लोंबणारी काळी पिसं, कानामागे पांढरे तुरे. एकाने ढेकूळ चोचीत धरून वर उडवलं आणि उडी मारली. दुसरा मान लववून त्याच्यासमोर नाचला. कमरजहाँबीने हसू आवरायला ओढणीचा बोळा तोंडात धरला होता.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने राजमहंमद उठून येताना दिसले. पाखरांना दिसणार नाही अशा बाजूने तिने पडद्यातून हात बाहेर काढला, बांगड्यांनी भरलेला, पंजा उभा करून. राजमहंमद होते तिथे थांबले. हातातली भाकरी तशीच. तिचं मन भरेपर्यंत तिने हात तसाच उभा ठेवला आणि ते उन्हात उभे राहिले. आमचे हे बाभळीखाली पोट धरून हसत होते.

परतताना राजमहंमद गाडीबरोबर चालत होते. मग म्हणाले, "मला तर नीट दिसलेबी न्हाईत."

"फुडच्या खेपेला तुमीबी आत बसा," कमरजहाँबी म्हणाली. "पडद्यात."

कुशाबाला इतकं हसू आलं की कासरा हातून सुटला.

राजमहंमद शब्दाचे पक्के. दर हिवाळ्याला गाडी निघाली. मोहल्ल्यात आधी कुजबुज झाली, मग बायकांनीच विचारलं की आम्हाला जागा आहे का. पुढे पुढे पडद्याच्या गाड्यांची रांगच पाणथळावर जाऊ लागली, आणि एका वर्षी राजमहंमद खरोखरच आत बसले. कमरजहाँबी म्हातारी झाली, नजर मंदावली, तरी गाडीतली पुढची जागा तिचीच असे.

त्या रविवारी संध्याकाळी पानाच्या तळाशी मी आणखी एक ओळ लिहिली होती: ह्यांच्या धोतराची कुसळं काढली, काठापाशी फाटलं आहे, शिवायला घेतलं.