खोडलेली तारीख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. बावीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई एका पेन्सिलीला घाबरते — हसाल तुम्ही. पण घाबरते.

घाटकोपरच्या एका लॅबमध्ये मी तपासणीला आलेल्या, पेशंटच्या अंगातून काढलेल्या तुकड्यांचे पातळ काप काचेवर रंगवते. कॅल्शियम असेल तिथे लाल रंग चढतो. पण हा रंग भारी नखरेल. द्रावण जास्त आंबट झालं, तर रंग धरायच्या आधीच कॅल्शियम विरघळतं. म्हणून अमोनियाचे थेंब टाकत कागदी पट्टीवर आंबटपणा तपासायचा. शिवाय दर खेपेला सोबत एक कंट्रोल रंगवायचा — ज्यात कॅल्शियम आहे हे आधीच माहीत असतं असा काप. तो लाल झाला, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

त्या दिवशी पट्ट्या संपल्या होत्या. मी अंदाजाने थेंब टाकले. इतकी वर्षं करतेय, मला कळत नाही का? — असा माज. डायलिसिसवरच्या एका बाईंच्या पायाची जखम भरत नव्हती, त्या जखमेचा तुकडा होता; रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून ती झालीय का, ते पाहायचं होतं. तो फिकट आला. कंट्रोलही फिकट.

द्रावण फेकून नवं करायचं, नवा काप रंगवायचा, एवढंच होतं. पण डॉक्टर मॅडमनी काच तयार झाली का म्हणून दोनदा विचारलं होतं आणि मला — चुकले म्हणायची लाज वाटली. मी गेल्या आठवड्याचा लाल कंट्रोल काढला. काचेच्या टोकावरची पेन्सिलीची तारीख खोडली. त्या दिवसाची लिहिली.

मॅडमनी तो लाल कंट्रोल पाहिला आणि 'कॅल्शियम नाही' असा रिपोर्ट दिला. तो न्यायला बाईंचे यजमान आले होते. "नाही ना निघालं? बरं झालं, ताई."

उपचार साध्या जखमेचेच चालू राहिले. महिन्याने दुसरा तुकडा आला, तोवर जखम मांडीपर्यंत गेली होती. या वेळी मी सगळं नीट केलं. रक्तवाहिन्यांच्या भिंती लाल झाल्या. "मागचा तुकडा भलत्या जागचा असेल गं," मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली.

बाई गेल्या. तो महिना हातात असता तर? कुणाला विचारू?

ती काच अजून पेटीत आहे. तिरकी धरली की खोडलेली तारीख दिसते. कुणी पेटी उघडली की मी हातातलं काम टाकून शेजारी जाऊन उभी राहते.

परवा भाजी घेताना यजमान भेटले. त्यांनीच ओळखलं. "तेव्हा तुम्ही रिपोर्ट फार लवकर दिलात," हात जोडून म्हणाले.

मी हो म्हटलं.