वर्षानं पाहिलेली गाडी

वर्षा राठोडला गाडी पाहायला न्यायचं ठरलं, ते घरात तिच्या शब्दाला मान होता म्हणून नव्हे. बाहेरचा मेकॅनिक न्यायचा तर त्याची मनधरणी आली, जेवणखाण आलं. वर्षा घरचीच होती. बोलावलं की येणारी.

आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यावरची ही पोरगी. बाप पूनमसिंग उमेदीत नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो तिला केबिनमध्ये शेजारी बसवून न्यायचा आणि चढ लागला की विचारायचा, "आयक, इंजिन काय म्हनते?" फ्रॉकातली वर्षा मान तिरपी करून ऐकायची आणि सांगायची, "बा, थकलं ते. खालचा गिअर टाक." पूनमसिंग मांडीवर थाप मारून हसायचा. पुढच्या ढाब्यावर तिच्यासाठी गरम भजी यायची, आणि तिथे बसलेल्या ड्रायव्हरांना तो सांगायचा, "माह्या पोरीले गाडीची बोली समजते."

तीच पोरगी पुढे यवतमाळला मोटारीचा डिप्लोमा करायला निघाली तेव्हा मात्र तो गप्प झाला होता. वर्षानं हट्टानं शिक्षण पुरं केलं आणि आर्णी रोडवरच्या, जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. कंपनीत आलेली प्रत्येक गाडी आधी तिच्या हाताखालून जायची. गोणपाट अंथरून ती गाडीखाली शिरायची, बोनेटचे बोल्ट कधी खोलले गेले का ते बघायची, काचांवर छापलेली सालं जुळवून पाहायची. हळूहळू यवतमाळच्या बाजारात तिचं नाव झालं. राठोड मॅडमनी पाहिलेली गाडी म्हणजे घरी न्यायला हरकत नाही, असं लोक म्हणू लागले. तांड्यावर याचं कुणाला काही नव्हतं. तिथं तिशी उलटलेली, बिनलग्नाची पोरगी एवढीच तिची ओळख. एका ठिकाणी बोलणी जुळत आली होती, पण मुलाकडच्या बाया तिच्या नखांतलं काळं पाहून एकमेकींकडे बघत राहिल्या आणि चहा पिऊन निघून गेल्या.

धाकटा भाऊ ओम. त्याच्या वाढदिवसाचे फलक आर्णीच्या चौकात लागायचे आणि ते लावण्याचा खर्च तो स्वतःच करायचा. नव्या रस्त्यात पूनमसिंगची काही जमीन गेली, मोबदला आला. वर्षानं आपला हिस्सा सोडल्याची सही केली, कारण याडीनं, म्हणजे तिच्या आईनं, हंसाबाईनं, तसे हात जोडले होते. ओमला शेत नको होतं, दुकान नको होतं. त्याला दोन दारांची, जमिनीला टेकून चालणारी, गुरगुरणारी गाडी हवी होती. तशी एक पिवळी गाडी पांढरकवड्याला एका दलालाकडे हैदराबादहून आली होती.

हायवेला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. ओम तिच्याभोवती फिरून फोटो काढत होता. पूनमसिंग खुर्चीवर बसला. वर्षानं आधी बोनेटवर तळहात ठेवला.

"भाऊ, इंजिन गरम हाय. आमी येऊन राह्यलो म्हनून आधीच चालू करून ठेवली काय?"

"नाई ताई, पुसाले बाहेर काढली व्हती," दलाल म्हणाला. "डॉक्टरची गाडी हाय. पावसात कधी काढलीच नाई त्यानं."

"थंडं इंजिन कसं उठते ते पाहाचं व्हतं. आता ते दिसत नाई."

मग ती कामाला लागली. डिकीतली चटई उचलून खालचा पत्रा पाहिला. समोरची काच बाकीच्या काचांपेक्षा चार वर्षांनी तरुण निघाली. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टाही नंतरचा. तिनं रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं होतं. ते छतावर एक आकडा दाखवी आणि पुढच्या बाजूला त्याच्या तिप्पट. गाडी इतकी बुटकी की खाली शिरताच येईना. दलालाच्या माणसाकडून जॅक लावून घेऊन ती आडवी झाली. बाहेर आली तेव्हा केसांत माती होती आणि चेहरा उतरलेला होता. शेवटी तिनं किल्ली फिरवली, दिवे पाहिले, बंद केली, पुन्हा फिरवली.

भावाला तिनं बाजूला घेतलं. पूनमसिंगही उठून आला.

"ओम, ही गाडी समोरून जबर ठोकलेली हाय. पुढची चेसिस वाकली व्हती, ओढून सरळ केली. पन सरळ झाली नाई, म्हनून डावा टायर आतून खाल्ला गेला. हे एक वेळ सोड. किल्ली फिरवली का एअरबॅगचा लाल दिवा लागते अन् विझते. इथं दिवा लागतच नाई. फुग्गे त्या ठोकीत फुटून गेले, नवे टाकलेच नाई, अन् समजू नाई म्हनून दिवाच काढून टाकला. ही गाडी घेऊ नको."

ओमनं दलालाकडे पाहिलं. दलाल जवळ आला आणि वर्षाशी नव्हे, पूनमसिंगशी बोलला.

"काका, ताई घरगुती गाड्या पाह्यत असतीन. त्यायचं बरोबर हाय. पन ह्या गाडीचं गनित वेगळं राह्यते. हिचा टायर असाच घासते."

"असा कोनताच टायर घासत नाई," वर्षा म्हणाली.

"तुले ना, माहं काही चांगलं झालेलं पाहावतच नाई," ओम म्हणाला. "जमिनीवर सही केली तवापासून तुह्या पोटात दुखून राह्यलं."

वर्षानं बापाकडे पाहिलं. चढावर इंजिन ऐकणारा हा माणूस एकदा वाकून तो टायर बघेल, असं तिला वाटत होतं. हात फिरवला असता तरी त्याला कळलं असतं. पूनमसिंगनं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. "ओमच्या मनात भरली नं? मंग झालं," तो म्हणाला आणि दलालासोबत आत गेला.

गाडी तांड्यावर आली. पहिले काही दिवस पोरं तिच्यामागे धावली, ओमनं लग्नात नवरदेव बसवून फिरवले. मग तांड्याच्या रस्त्यावर तिचं पोट घासू लागलं. स्टिअरिंग सोडलं की ती डावीकडे पळायची. एकदा वाटेत अडून बसली, ट्रॅक्टरला बांधून आणावी लागली, आणि ते कुणीतरी मोबाइलवर काढलं. त्यानंतर ओमनं तिच्यावर ताडपत्री टाकली.

दिवाळीला वर्षा घरी आली. जेवणं झाल्यावर ओम तिच्या शेजारी येऊन बसला. बऱ्याच महिन्यांत तो एवढं गोड बोलला नव्हता.

"ताई, गाडी विकाची हाय. लोकं तुले मानतात. तू फकत एवढं म्हन, का म्या पाह्यली, चांगली हाय."

"म्या पाह्यली ते खरं. चांगली कुठं हाय?"

"जुनी गाडी हाय, थोडंफार तर कोनीबी लपवते."

"फुग्गे नाई त्यात, ओम. उद्या कोनी मेला म्हनजे?"

"तू कायले दुसऱ्याचा विचार करून राह्यली? घरचं पाह्य ना."

"विकाची असन तर जे हाय ते सांगून विक. भंगारच्या भावानं जाईन, जाऊ दे."

ओम उठला आणि ताटाला पाय लागला तरी थांबला नाही. हंसाबाईनं सांडलेलं गोळा केलं. पूनमसिंग खाटेवर पडून होता. त्याचे डोळे उघडे होते. वर्षा दुसऱ्या दिवशी भाऊबीज करून यवतमाळला परतली; ओवाळून घेताना ओमनं तिच्याकडे पाहिलं नाही. गाडीचं पुढे काय झालं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. ताडपत्रीखाली सडत असेल, असं ती धरून चालली.

थंडी संपता संपता घाटंजीकडचे विठ्ठलराव कंपनीच्या दारात आले. कापसाचे शेतकरी, पांढरं धोतर, दाढी वाढलेली. त्यांनी राठोड मॅडम कोण ते विचारलं. वर्षा गाडीखालून बाहेर आली, हात पुसले.

"तूच काय ते?" विठ्ठलराव तिला खालून वर न्याहाळत म्हणाले. "माहा पोरगा बंटी नागपूरले दवाखान्यात पडून हाय. जंगलातून रोही आडवा आला रस्त्यात. गाडी त्याच्यावर गेली, मंग झाडावर. फुग्गा फुटलाच नाई. तोंड सारं स्टिअरिंगवर आदळलं. जबडा तारेनं बांधला हाय त्याचा."

"कोनती गाडी, काका?"

"पिवळी. तुह्या भावाची. तो म्हने, माह्या बहिनीनं तपासली, यवतमाळची राठोड मॅडम. आमी इथं दोन जनाले विचारलं. ते बी म्हनले, मॅडमनं पाह्यली असन तर बिनधास्त घ्या. तुह्या नावावर घेतली आमी ती गाडी, बाई."

"काका, म्या ती पाह्यली व्हती, पन घेऊ नका म्हनून सांगतलं व्हतं," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं की आपलं म्हणणं किती पोकळ वाजतंय.

आवाज ऐकून मॅनेजर संजय बाहेर आला. कंपनीतल्या माणसानं बाहेरच्या गाड्या तपासून शब्द द्यायचा नाही, असा तिथला नियम होता. प्रकरण पोलिसात जायच्या आधी त्यानं सगळ्यांना समोरासमोर बसवायचं ठरवलं. दोन दिवसांनी ओम आणि पूनमसिंग आले. ओम भिंतीला टेकून उभा राहिला, चेहऱ्यावरचा रंग उडालेला. विठ्ठलराव खुर्चीच्या कडेवर बसले होते.

संजयनं म्हाताऱ्याला विचारलं, "पूनमसिंगजी, तुमच्या मुलीनं ही गाडी तपासली होती का?"

"पाह्यली व्हती."

"नीट पाहिली होती?"

"व्हय. जमिनीवर झोपून खालून पाह्यली. आतून पाह्यली. दिवे बी पाह्यले तिनं."

"आणि काय म्हणाली?"

पूनमसिंगनं ओमकडे पाहिलं. ओमनं मान खाली घातली.

"मले आता गाडीतलं एवढं समजत नाई, साहेब," पूनमसिंग म्हणाला.

"बा," वर्षा म्हणाली, "म्या काय सांगतलं व्हतं ते सांग. तू बाजूलेच उभा व्हता."

"ध्यानात नाई, बेटा."

त्यानं तिला बेटा म्हटलं, तेच तिला जास्त लागलं. पांढरकवड्याच्या शेडमधलं सगळं तिनं स्वतःच सांगितलं. चेसिस, टायर, लागत नसलेला दिवा. संजयनं ऐकून घेतलं. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं माहीत होतं, तर मग गाडी विकली जाऊच कशी दिली?" गाडी विकल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. विठ्ठलराव उठले होते. "माह्यात भांडाची ताकद नाई," ते म्हणाले. "तुमचं घरचं तुमी पाहा. पन लोकायनं तुमच्यावर भरोसा ठेवला, एवढं ध्यानात ठेवा." हे ते तिघांना म्हणाले, पण बघत होते वर्षाकडे.

तिला कामावरून काढलं, असं कुणी म्हटलं नाही. संजयनं राजीनामा द्यायला सांगितलं, तिनं दिला. महिन्याभरात बाजारात सगळ्यांना ठाऊक झालं की राठोड मॅडम भावासाठी खराब गाडी चांगली सांगून बसली. दोन कंपन्यांत ती विचारायला गेली. दोन्हीकडे तिला चहा मिळाला आणि जागा भरल्याचं कळलं. शेवटी दारव्हा रोडवर एका टायरच्या दुकानात तिनं काम धरलं. तिथं हवा भरायची, चाकं काढायची, घालायची. गाडीबद्दल तिचं मत तिथं कुणी विचारत नव्हतं.

एकदा ती एस.टी.नं घाटंजीला जाऊन बंटीला भेटून आली. त्याची तार निघाली होती, पण शब्द अजून दातांतून गळत होते. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मंग तुमी कोनालेच काहून नाई सांगतलं? निदान गाडीवर लिहून ठेवाचं." चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या आईनं, भागीरथाबाईनं, वर्षाला पाणी दिलं आणि ती जाईपर्यंत दारातच उभी राहिली.

उन्हाळ्यात हंसाबाई टायरच्या दुकानावर आली. आर्णीच्या गाडीनं आली होती, हातात कापडात बांधलेला डबा. वर्षानं तिला सावलीत स्टुलावर बसवलं.

"बाले झोप नाई लागत," हंसाबाई म्हणाली. "राती उठून बसते. तुहंच नाव घेते."

"मंग त्याले म्हन, घाटंजीले जाऊन विठ्ठलरावले एकच गोष्ट सांग. का पोरीनं नाई म्हनलं व्हतं. बस. मंग मी घरी येईन."

"कसा सांगन तो? ओमवर केस होईन. जेलात जाईन पोरगा."

"अन् माहं जे झालं?"

हंसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तू शिकलेली हाय. तुले दुसरं काम भेटते. ओमले कोन इचारन?"

हंसाबाईनं डबा सोडला. ज्वारीची भाकर, तिखट पिठलं, वर्षाला आवडायचं तसं. "दोन घास खा," ती म्हणाली. वर्षानं डब्याला झाकण लावलं, कापडाची गाठ पूर्वीसारखी बांधली आणि तो आईच्या मांडीवर ठेवला. मग मालकाला सांगून ती तिला स्टँडवर घेऊन गेली. आर्णीची गाडी लागलेलीच होती. तिनं आईला खिडकीची जागा पाहून दिली, पाण्याची बाटली घेऊन दिली, आणि गाडी सुटायच्या आत परत फिरली. दुकानात एक ट्रक येऊन थांबला होता, मागची चारही चाकं काढायची होती.