हेस्टरबाईंची पायवाट

आमच्या ओट्सकॉम खेड्यात त्रेचाळीस घरं, चर्चचा वाकडा मनोरा आणि माझा पब. ओढ्यावरच्या दगडी पुलावर एका वेळी एकच मोटार मावते, आणि मागे कुणी घ्यायची यावरून दोन पिढ्यांची भांडणं आहेत. वर टेकडीवर छप्पर उडालेलं जुनं प्रार्थनाघर. तिथे जायला एकच पायवाट, म्हाताऱ्या हॉबडेच्या मेंढ्यांच्या कुरणातून.

हेस्टर पिंडर दर रविवारी तिथे जायच्या. नवऱ्याची राख त्यांनी तिथल्या भिंतीपाशीच विखुरली होती. मला कुतूहल वेगळंच. कुंपण ओलांडायच्या पायरीपाशी बाई नेहमी थांबायच्या. का? गुडघे म्हणावेत, तर टेकडी त्या माझ्याआधी चढायच्या. शेवटी एकदा मी मागोमाग गेले. चोंबडेपणा, दुसरं काय. बाईंनी हाक दिली, "हॉबडे, जाऊ का हो?" म्हाताऱ्यानं टोपी उचलली, मग बाईंनी पाय टाकला. एकतीस वर्षं हेच चाललेलं. पुढे त्यांचं बघून आम्हीही विचारायला लागलो.

क्लेम डनेज तेवढा सुधारला नाही. कुत्रं, चिखलाचे बूट आणि पबातले चार सोबती घेऊन तो पंचवीस वर्षं खुशाल जायचा. "रानडुक्कर बरं," बाई म्हणायच्या. अकरा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हत्या.

हॉबडे वारला, कुरण विकलं गेलं आणि नव्या मालकानं पायरीवर काटेरी तार ओढून फाटकाला कुलूप ठोकलं. जिल्ह्याच्या अधिकारीबाई चौकशीला आल्या. वीस वर्षं गाव या वाटेनं चाललंय हे दाखवा, मग वाट गावाची, म्हणाल्या. आम्ही हेस्टरबाईंना पुढे केलं.

"तुम्ही कधी परवानगी मागितली होती?"

"दर वेळी," हेस्टरबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "आम्ही काही जनावरं नाही."

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमचं चालणं धरता येणार नाही. विचारून चालणं ही मालकाची मेहेरबानी झाली, हक्क नव्हे. न विचारता चाललेलं आणि मालकानं न अडवलेलं, तेवढंच मोजतात."

माझं डोकंच फिरलं. सभ्यपणाची ही शिक्षा? आणि आम्हीही सगळे विचारणारे, म्हणजे सगळं गावच बाद. हेस्टरबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे वाट मीच घालवली."

त्या संध्याकाळी त्या पबात आल्या आणि थेट क्लेमच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"क्लेमेंट, तू त्या वाटेनं कधी विचारून गेलास?"

"मी? मी बायकोलाही कधी काही विचारलं नाही."

"हॉबडेनं अडवलं कधी?"

"छे. बघायचा आणि मेंढ्यांकडे वळायचा."

"मग उद्या येऊन तेवढंच सांगशील? तुम्ही पाचही जण?"

क्लेमनं मिशीवरचा फेस पुसला. "अकरा वर्षांनी तोंड उघडलंस, तेही मागायला."

"हो," बाई म्हणाल्या. "मागायची खोडच वाईट आहे माझी."

"येतो. पण बूट पुसणार नाही."

त्या पाच जणांच्या साक्षीवर चार महिन्यांनी निकाल लागला. कुलूप निघालं, तारही निघाली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा मागोमाग गेले. बाई पायरीपाशी थांबल्या. तोंड उघडलं, मिटलं. वरून क्लेम ओरडला, "ये की, बाई. विचारलंस तर माझी साक्ष फुकट जाईल."

बाई न विचारता पलीकडे उतरल्या. कान लालबुंद झालेले. चार पावलं गेल्यावर मात्र मागे वळल्या आणि रिकाम्या कुरणाकडे बघून हळूच म्हणाल्या, "आभारी आहे, हॉबडे."