सत्काराचं तबक

आमच्या ऑफिसात गरोदर कर्मचाऱ्यांच्या हक्कांविषयी प्रशिक्षण होतं. पाहुण्या वकीलबाईंच्या सत्काराचं तबक दिलं होतं आठव्या महिन्यातल्या सविताच्या हातात. तबक बाईनंच धरायचं, हा आमचा कायदा. तो मात्र कुणाला शिकवावा लागत नाही. साहेबांचं लांबलचक प्रास्ताविक झालं, शाल झाली, नारळ झाला. रिकामं तबक घेऊन ती पाहुण्यांच्या मागे उभीच. आम्ही सगळे खुर्च्यांत, मीसुद्धा. टाळ्या वाजवायला काही उठावं लागत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "गरोदर बाईला फार वेळ उभं राहावं लागेल असं काम देऊ नये."

साहेबांनी ते सुंदर अक्षरात वहीत उतरवलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि मान वर न करताच म्हणाले, "सविता, मॅडमना पाणी आण गं."