ढोलवाल्याचे डोळे

तोंडात बघायचा तो छोटा गोल आरसा असतो ना, त्याचा दांडा उलटा धरून डॉक्टर कशावरही टकटक करायचे. पेशंटच्या दाढेवर, माझ्या काउंटरवर, एकदा तर माझ्या बायकोनं आणलेल्या कलिंगडावर. मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "मूळ शाबूत आहे ना? मग टेन्शन नको, भिया." भिया म्हणजे भाऊ, आमच्याकडची हाक.

आमच्या परदेशीपुरा मोहल्ल्यात त्यांचा दातांचा दवाखाना आणि माझं चष्म्याचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. डॉक्टरांचं घराणं होळकरांच्या फौजेतलं. "खापरपणजोबांच्या हातात तलवार होती, माझ्या हातात चिमटा आला," असं हसत सांगायचे.

दुपारी पेशंट नसले की दार अर्धं लोटून ते जुनी खेळणी दुरुस्त करत बसत. पत्र्याची, चावीवर चालणारी. जुन्या बाजारातून गंजलेली मोटार, पाय तुटलेलं माकड असं काहीबाही आणायचे, घासायचे, रंगवायचे आणि बाकड्यासमोरच्या काचेच्या कपाटात मांडायचे. एका बदकाच्या पोटाला भोक पडलं होतं. तिथे त्यांनी दाढेत भरायचं सिमेंट भरलं आणि बदकाला बजावलं, "अर्धा तास काही खायचं नाही." रडत आलेली पोरं त्या कपाटाकडे बघत गप्प व्हायची. डॉक्टरांच्या लेखी खेळण्याची एवढीच किंमत होती आणि ती भरपूर होती.

मग शिर्केकाकूंनी ढोलवाला आणला.

काकू मागच्याच गल्लीत राहायच्या. कवळी टोचते म्हणून आल्या आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेला वीतभर पत्र्याचा माणूस काढला. गळ्यात ढोल, दोन्ही हातांत टिपऱ्या. लाल कोट जागोजागी गंजला होता, चेहऱ्यावर नुसते डाग उरले होते आणि चावी नव्हती. त्यांचे धाकटे भाऊ नुकतेच वारले होते, त्यांच्या सामानात सापडला. "लहानपणी आम्ही दोघं यावरून मारामारी करायचो," काकू म्हणाल्या. "डॉक्टरसाहेब, एकदा वाजला पाहिजे हो. बाकी तुम्हाला ठीक वाटेल तसं करा."

ढोलवाला टेबलावर होता, तेव्हाच नेमका तो पुण्याचा तरुण रूट कॅनलसाठी आला. इथे एका कंपनीत नोकरी, आणि छंद जुनी खेळणी जमवण्याचा. तोंडातला कापूस निघाल्या निघाल्या तो म्हणाला, "सर, याला रंग लावू नका. प्लीज."

"अरे पण गंजलाय!"

"गंजू दे. जो रंग उरलाय तो कारखान्यातला आहे. वरून रंगवलं की जमवणाऱ्यांच्या दृष्टीनं किंमत गेली." मग कपाटाकडे बघत जरा संकोचून म्हणाला, "ही सगळी सुंदर आहेत, सर. पण रंगवायच्या आधी जास्त मोलाची होती."

डॉक्टरांनी आरशाचा दांडा ढोलावर टकटक वाजवला. "म्हणजे कीड काढायची नाही?"

"हलक्या हातानं पुसा. पण कीड… म्हणजे गंज… असू द्या."

"आणि चावी? आतली स्प्रिंग तुटली असेल तर?"

तरुणानं ढोलवाला उलटा करून पाहिला. "जुनी मिळाली तर जुनी बसवा. नवी बसवली तर… काही लोक चालवून घेतात, काही नाही. खेळण्यावर अवलंबून असतं, सर."

तो गेला आणि डॉक्टर माझ्याकडे आले. "भिया, तू सांग. तुटकं महाग आणि दुरुस्त केलेलं स्वस्त. ये क्या बात हुई? मी जन्मभर उलटाच धंदा केला म्हणायचा की काय?"

मी तरी काय सांगणार? माझ्याकडे लोक वडिलांची फ्रेम आणतात, काचा नव्या बसवतात आणि वडिलांचा चष्मा म्हणून लावतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण कोणी फ्रेम बदलून जुन्याच काचा बसवल्या असत्या तर? बोलता बोलता मीही गोंधळलो.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी ज्याला त्याला हेच विचारलं. तोंड उघडं ठेवून बसलेला पेशंट उत्तर देणार कसा? तो नुसता "आँ आँ" करायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "बरोबर, मलाही तसंच वाटतं."

शेवटी हात गप्प बसेनात. आतली स्प्रिंग त्यांनी सांधली, चावी सराफा बाजारातल्या एका कारागिराकडून घडवून आणली. ढोल वाजू लागला. तिथेच थांबायचं ठरलं होतं. पण वाजणारा माणूस असा कळकट कसा ठेवायचा, म्हणून आधी कोट, मग पगडी, आणि शेवटी चेहरा घासूनपुसून रंगवला. डोळे काढायला माझ्याकडचं भिंग नेलं. मी शेजारीच उभा होतो. श्वास रोखून त्यांनी बारीक ब्रशनं दोन डोळे काढले. टपोरे, देखणे.

काकू आल्या. डॉक्टरांनी चावी दिली आणि ढोलवाला टणटण वाजवू लागला. काकू कवळी दिसेस्तोवर हसल्या, बोटानं टेबलावर ताल धरला. चावी संपली. मग त्यांनी त्याला उचलून जवळ धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"डोळे असे नव्हते हो याचे."

"कसे होते? सांगा, तसे काढतो."

काकू आठवत राहिल्या. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "परवापर्यंत माहीत होतं मला. आता हेच दिसतायत."

ढोलवाला टेबलावरच ठेवून त्या गेल्यावर डॉक्टरांनी मला हाक मारली. चेहरा पडला होता. कापसाला औषध लावून ते स्वतःचाच रंग काढत होते. खाली जुने डोळे सापडतील अशी आशा होती. रंग निघाला, खाली उघडा पत्रा. त्या तरुणाला बोलावून दाखवलं. त्या बिचाऱ्यानं तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "सर, आता हा जुनाही नाही आणि नवाही नाही. मला खरंच नाही सांगता येत."

आंधळा ढोलवाला काकूंना परत द्यायला डॉक्टर मला सोबत घेऊन गेले. माफी मागायची तयारी होती. काकूंनी तो हातात घेतला, अंगठ्यानं चेहरा चाचपला आणि आत निघून गेल्या. आम्ही बाहेर चुळबुळत बसलो. बाहेर आल्या तेव्हा बोटाला काजळ होतं आणि ढोलवाल्याला दोन डोळे आले होते. एक वर, एक खाली, चांगला तिरळा झाला होता.

"लहानपणीच उडाले होते याचे डोळे," त्या म्हणाल्या. "आईच्या डबीतलं काजळ घेऊन भाऊच काढायचा." मग थांबल्या. "की मी काढायचे? दोघांतलं कोणीतरी."

परतताना डॉक्टर रस्त्यात मध्येच उभे राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "भिया," ते म्हणाले, "मी नक्की बिघडवलं काय?"

मला कळलं नव्हतं. आजही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर बरंच आहे.

त्यानंतर त्यांनी कुठल्या खेळण्याला रंग लावल्याचं मी पाहिलं नाही. पुढे हात कापू लागला, दवाखाना बंद केला आणि ते मुलीकडे नागपूरला गेले. निघताना कपाटातली खेळणी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. मला मात्र एक पत्र्याची होडी दिली, गंजून तपकिरी झालेली. बाजारातून आणली तशीच ठेवली होती.

"हिचं काय करायचं ते तू ठरव," म्हणाले. "मला नाही जमलं."

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाली. फोन ठेवून मी माझ्या दुकानातल्या कपाटातली होडी काढली. ती जिथे होती, तिथे काचेवर गंजाची भुकटी साचली होती, होडीच्याच आकाराची. चष्मे पुसायचा कपडा हातात घेतला. मग तो बाजूला ठेवला आणि एका कागदावर ती भुकटी हळूच गोळा केली.

गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी तो कागद हातात धरून तसाच उभा होतो.

"काय आहे त्यात?" त्यानं विचारलं.

"होडी," मी म्हणालो.