साहेबांवर फिर्याद करणारे आबा

"वाटं करणारानं शेवटी उचलायचं," असं म्हणत आबा भज्यांचे कागदावर सारखे ढीग लावत आणि सगळ्यांचं घेऊन झालं की उरेल तो ढीग आपल्याकडे ओढत. त्यात बहुतेक वेळा नुसत्या मिरच्याच असायच्या. मी म्हणायचो, आबा, भजी तुम्हीच आणलीत, एकदा तरी आधी घ्या. ते नुसती मान हलवायचे. मटणाचे वाटे असोत की पाण्याची पाळी, वाटणाऱ्याचा नंबर शेवटी, अशी त्यांच्या मांडवगण फराट्यातली जुनी रीत. बाकीचे ती सोयीनं विसरायचे, आबांच्या मात्र अंगातच मुरली होती.

नव्वदच्या दशकात मी शिरूरच्या कोर्टात नवा वकील होतो. काळा कोट कोरा करकरीत आणि पक्षकारांच्या नावानं बोंब. अशात आबा आले आणि म्हणाले, दिल्लीच्या मंत्र्यावर केस घालायची हाय. मंत्री म्हणजे साधेसुधे नव्हेत, देशभर गाजलेले, एकेकाळचे पैलवान. आणि केस घालणारा कोण, तर त्यांच्याच सभांचा निवेदक! केंदूरपासून राहूपर्यंत साहेबांची सभा कुठंही असली, तरी माईकवर पहिला आवाज आबांचा. आता तुम्हीच सांगा, कुतूहल वाटणार नाही तर काय? गावात तर तर्कांना ऊत आला होता. कुणी म्हणे विरोधकांनी फूस लावली, कुणी म्हणे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

खरी गोष्ट भलतीच होती. तालुक्यातल्या एका माळावर कारखान्याचं भूमिपूजन होतं. जमीन सरकारी. दिली साहेबांच्याच खात्यानं, घेतली साहेबांच्याच मुलाच्या कंपनीनं. माईकवर आबांनी देणाऱ्याचं नाव घेतलं, मग घेणाऱ्याचं घेतलं, आणि दोन्हीकडं एकच आडनाव आल्यावर त्यांची जीभ अडखळली. त्या माळावर मेंढ्या चारणाऱ्यांनी विरोध केला होता, म्हणून पहाटेच पोलिसांनी त्यांना चौकीत नेऊन बसवलं होतं. फोन कुणाच्या बंगल्यावरून गेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"शिक्षा नको मला," आबा म्हणाले. "साहेबांनी कोर्टात येऊन एवढंच सांगावं, वाटं कुणी केलं आन् आधी कुणी उचललं."

फिर्याद दाखल झाली. आबा शपथेवर उभे राहिले. न्यायाधीशांनी आरोपीचं नाव विचारलं. आबांनी घसा खाकरला, छाती पुढं काढली आणि सुरू केलं, "गोरगरिबांचे कैवारी, तालमीच्या मातीतून दिल्लीपर्यंत पोचलेले, तुमच्या-आमच्या काळजातले..." टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीश हसू दाबत खाली बघू लागले. मी कोपर मारलं तेव्हा कुठं आबा भानावर आले आणि नव्या नवरीसारखे लाजले. तेवढी बिरुदं सोडून नुसतं नाव त्यांच्या तोंडून काही केल्या निघेना. शेवटी मीच सांगितलं.

पुढं साहेबांच्या वकिलांनी मुद्दा काढला की मंत्र्यावर खटला चालवायला वरची मंजुरी लागते. मी म्हटलं, जमीन देणं हे सरकारी काम असेल, पण आपल्याच पोराच्या घशात घालणं हे कसलं सरकारी काम? कोर्टाला पटलं आणि समन्स निघालं. त्या दिवशी मला झालेला आनंद नंतरच्या सगळ्या वकिलीत पुन्हा मिळाला नाही, हे खरं सांगतो.

साहेब मात्र एकाही तारखेला आले नाहीत. दर वेळी गैरहजेरीच्या माफीचा अर्ज यायचा. कधी अधिवेशन, कधी परदेश दौरा, कधी गुडघा. आबा इस्त्रीची टोपी घालून व्हरांड्यात बसलेले असायचे. गावात त्यांना आता लग्नातसुद्धा कुणी माईक देत नव्हतं. दौंडला जत्रेत ओळखीची माणसं तोंड फिरवून जायची. त्याचं त्यांना फार लागायचं. तरी मला पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय दुखतंय साहेबांचं?" त्यात टोमणा नसायचा, त्याचंच मला नवल वाटायचं. एकदा गुडघ्याचा अर्ज आला, तर पुढच्या तारखेला आबा निर्गुडीच्या तेलाची बाटली घेऊन हजर. ती त्यांनी साहेबांच्या वकिलांच्या हातात दिली आणि रोज दोनदा चोळायला सांगितलं. त्या वकिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग आबा गेले. झोपेतच गेले.

आम्ही बौद्ध. आमच्यात दहावा, पिंड असलं काही नसतं. तरी आबांच्या दहाव्याला मी नदीच्या घाटावर गेलो, राहवलंच नाही. घाट माणसांनी भरला होता, कारण साहेब येणार होते. आले, आणि श्रद्धांजलीचं भाषणही सुंदर केलं. माझा आवाज हरपला म्हणाले. डोळे पुसले. ते खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

मग पिंड ठेवले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली एकही उतरेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून घरचे मोठ्यानं शब्द देतात, मग कावळा शिवतो, अशी समजूत. भाऊ म्हणाला, पोरांना अंतर देणार नाही. जावई म्हणाला, आईंना सांभाळीन. कावळे ढिम्म. इच्छा काय होती ते अख्ख्या घाटाला माहीत होतं, आणि सगळे पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते.

आबांची बायको, आमच्या काकी, पुढं आल्या.

"साहेब, हितं आलात, लई बरं वाटलं. आता तारखेला कोर्टात येतो म्हणा. तेवढीच राहिलीय त्यांची."

साहेबांनी नुसते हात जोडले. भटजींनी घाईघाईनं दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा शिवला नाही तर तो लावून विधी उरकतात. काकींनी भटजींचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. थांबू आपण."

आणि त्या पिंडापाशी मांडी घालून बसल्या. त्यांच्यामागं एकेक करून सगळा घाट खाली बसला. वर गाडी सुरू होती, ड्रायव्हर दार उघडून उभा होता, पण एवढ्या लोकांदेखत पिंडाकडं पाठ फिरवायची साहेबांची छाती झाली नाही. ऊन चढत चाललं होतं. कुणीतरी आणून दिलेल्या खुर्चीतून साहेब उठले नाहीत. काकी त्यांच्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या.